उंदरांना मोबाईलमुळे कॅन्सर झाला ही बातमी कशी वाचायची

अशी बातमी दिसली की फॉरवर्ड करायच्या आधी डोस बघा. अमेरिकेच्या एनटीपीचा (नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्राम, कशाने शरीराला अपाय होतो ते तपासणारा सरकारी कार्यक्रम) 2018 चा रिपोर्ट घ्या, त्यात उंदरांच्या अख्ख्या शरीरावर रोज सुमारे 9 तास, तेही 10 मिनिटं चालू 10 मिनिटं बंद असं करत, 2 वर्षं रेडिएशन सोडलं होतं, शरीराच्या दर किलो वजनामागे 1.5 ते 6 वॅट, आणि आपला फोन फक्त कानाजवळचा भाग तापवतो, म्हणजे थेट तुलना होतच नाही.

मग नर का मादी ते बघा. हृदयातल्या श्वानोमा (नसांच्या आवरणात होणाऱ्या) गाठींचा स्पष्ट पुरावा फक्त नर उंदरांत मिळाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कंट्रोल ग्रुप, म्हणजे ज्यांना रेडिएशन दिलंच नाही ते उंदीर. लोक हे कायम विसरतात! इथे रेडिएशनवाले नर उलट जास्त जगले, आणि जास्त जगला की म्हातारपणीच्या गाठी दिसायला वेळही जास्त मिळतो, त्यामुळे नुसती टक्केवारी बघून घाबरू नका.

पण सगळं खोटं म्हणून सोडूनही देऊ नका हं, इटलीच्या रामाझिनी इन्स्टिट्यूटलाही नर उंदरांत तसल्याच गाठी सापडल्यात.