अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये ऑनलाइन व्हिडिओ कसा चालवायचा

अँड्रॉइडमध्येच तयार मिळणारा व्हिडिओव्ह्यू वापरून बघायचा मोह होतो, पण तो साध्या एमपी४ फाइलपुरता ठीक, बाकी सरळ मीडिया३ या गूगलच्या लायब्ररीतला एक्सोप्लेअर घ्या. आधी मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपच्या परवानग्या लिहायची फाइल) इंटरनेट परमिशन टाका. लेआउटमध्ये प्लेअरव्ह्यू (व्हिडिओ दिसायची चौकट) ठेवा, कोडमध्ये प्लेअर बिल्ड करून त्याला जोडा, मग मीडियाआयटममध्ये लिंक द्यायची, प्रिपेअर आणि प्ले, झालं.

लिंक एम३यू८ असेल, म्हणजे व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी पाठवणाऱ्या एचएलएस पद्धतीची, तर एचएलएसचं वेगळं मॉड्यूल ग्रेडलमध्ये (लायब्ररी जोडायची बिल्ड फाइल) लागतं, ते नसलं की प्ले होत नाही न् माणूस उगाच लिंकलाच शिव्या घालत बसतो. लिंक एचटीटीपीएसच हवी, कारण अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी बाय डिफॉल्ट बंद आहे.

आता खरी गोम. अ‍ॅप मिनिमाइज केलं तरी मागे आवाज चालूच राहतो, म्हणून ऑनस्टॉपमध्ये (स्क्रीन दिसेनाशी झाली की चालणारं फंक्शन) पोझिशन सेव्ह करून प्लेअर रिलीज करा आणि ऑनस्टार्टमध्ये (स्क्रीन परत दिसताना चालणारं) परत बनवून तिथूनच सुरू करा, फोन आडवा केल्यावर व्हिडिओ पहिल्यापासून सुरू होतो ना, तेही यानेच सुटतं, फक्त पोझिशन व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीन फिरली तरी डेटा टिकतो ती जागा) ठेवा.

यूट्यूबची लिंक मात्र एक्सोप्लेअरला देऊ नका, ती व्हिडिओ फाइल नसतेच! त्यासाठी वेबव्ह्यूत (अ‍ॅपच्या आत वेबपेज दाखवणारा भाग) जावास्क्रिप्ट चालू करून यूट्यूबचा आयफ्रेम प्लेअर लावा.