प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप फोनमध्ये कसं घ्यावं

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या मामांचा सकाळी सकाळी फोन. "अरं, गाडीच्या दंडाची फाईल आलीया व्हॉट्सअ‍ॅपवर, उघडंना झालीया. जरा बघ की!" बरं झालं उघडली नाही. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' होतं. फोटो किंवा पीडीएफ नव्हे, ते आख्खं अ‍ॅप होतं. असली अ‍ॅपं आधी मेसेज वाचायची परवानगी मागतात आणि मग बँकेचे ओटीपी परस्पर पळवतात. दंड खरा आहे का ते बघायला महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले की पुरतं. त्याला कुठलंही अ‍ॅप लागत नाही.

मामांनी तेव्हापासून ठरवूनच टाकलंय की बाहेरचं अ‍ॅप म्हणजे विषच. तसं नाही. एपीके हे अँड्रॉइडवर अ‍ॅप बांधून द्यायचं साधं गाठोडं आहे, प्ले स्टोअरही आतून तशाच गाठोड्यातून अ‍ॅप बसवतं. मी एकच गोष्ट बघतो: फाईल मी आणायला गेलो, की ती आपल्या पायांनी माझ्या दारात आली? दारात आलेली, म्हणजे चलन, लग्नपत्रिका, केवायसी, सरकारी योजना असल्या नावाची, तपासत बसायचीसुद्धा नाही. उडवायची.

आणायला जायचं तर कुठं? एक तर अ‍ॅप बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. व्हीएलसी आणि सिग्नल या दोघांचीही एपीके त्यांच्या संकेतस्थळावर मिळते. दुसरी जागा एफ-ड्रॉइड. २०१० पासून चालू असलेलं हे भांडार फक्त मुक्त स्रोत अ‍ॅपं, म्हणजे ज्यांचा मूळ कोड कुणालाही बघता येतो अशी, ठेवतं, आणि बहुतेक अ‍ॅपं त्या उघड्या सोर्स कोडवरून स्वतः बांधून देतं. गंगावेशेत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात ना, साधारण तसंच. विकतची अ‍ॅपं 'मोड' करून, म्हणजे आत फेरफार करून, फुकट वाटणाऱ्या जागा मात्र टाळा. त्या ग्लासात पाणी किती आणि आणखी काय, ते पिणाऱ्याला कळत नाही.

आता प्रत्यक्ष करू. मला दाजीपूरच्या जंगलाकडं जाताना रेंज नसतानाही चालणारा नकाशा हवा होता. ऑसमअँड या नकाशाच्या अ‍ॅपच्या प्ले स्टोअरवरच्या फुकट आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात, एफ-ड्रॉइडवरच्या आवृत्तीला ती मर्यादा नाही. म्हणून तेच उदाहरण घेतो.

फोनच्या ब्राउझरमध्ये एफ-ड्रॉइड डॉट ओआरजी हा पत्ता स्वतः टाइप करा. शोधून आलेल्या निकालांत वर जाहिराती असतात, तिथं बोट नको. डाउनलोडचं बटण दाबलं की ब्राउझर म्हणेल, ही फाईल धोक्याची असू शकते. हे तो प्रत्येक एपीकेला म्हणतो. फाईल ठेवा आणि उतरली की उघडा.

इथं फोन अडवतो: या ठिकाणाहून अ‍ॅप बसवायला परवानगी नाही. तिथूनच सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ब्राउझरपुरती परवानगी द्यायची. जुन्या फोनांत 'अननोन सोर्सेस' असं एकच बटण होतं. ते एकदा चालू केलं की सगळ्यांनाच दार उघडं. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक अ‍ॅपला वेगळी परवानगी द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपला ती कधीच देऊ नका, बाकी काही विसरलात तरी चालेल. सॅमसंगच्या नव्या फोनांत 'ऑटो ब्लॉकर' हा बाहेरची अ‍ॅपं अडवणारा पहारेकरी आडवा येतो. सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये तो तेवढ्यापुरता बंद करा आणि काम झालं की आठवणीनं चालू करा.

मग इन्स्टॉल दाबा. प्ले प्रोटेक्टनं, म्हणजे गूगलच्या अ‍ॅप तपासणाऱ्या सोयीनं, तपासायचं म्हटलं तर तपासू द्या. एफ-ड्रॉइड बसला की ब्राउझरची परवानगी लगेच काढा: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस, इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स. नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, सेटिंग्जच्या शोधात 'अननोन' टाकलं की सापडतं. आता एफ-ड्रॉइडला तीच परवानगी द्या, यादी भरायला मिनिटभर थांबा आणि ऑसमअँड शोधून बसवा. पुढची अपडेटही तिथूनच येते.

'अ‍ॅप नॉट इन्स्टॉल्ड' असं आलं तर बहुतेक वेळा सहीचा घोळ असतो. प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या अ‍ॅपवर दुसऱ्या सहीची आवृत्ती बसत नाही, आधी जुनं काढावं लागतं, आणि त्यासोबत त्यातला डेटाही जातो. म्हणून अगोदर बॅकअप. हा अडथळा आपल्या फायद्याचाच आहे: त्याच्यामुळं कुणी खऱ्या अ‍ॅपवर स्वतःचं बनावट अपडेट चढवू शकत नाही. सही जुळत असेल तर जागा कमी आहे का, की फाईल दुसऱ्या जातीच्या चिपसाठीची आहे, ते बघा.

बसवल्यावर अ‍ॅप काय मागतं यावर लक्ष ठेवा. नकाशाला लोकेशन लागणारच, पण एसएमएस कशाला? अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी सगळ्यांत घातक, कारण ती दिली की अ‍ॅप तुमचा स्क्रीन वाचतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या फाईलच्या अ‍ॅपांना ती सहजासहजी मिळत नाही. ती अडवणूक कशी काढायची हे कुणी फोनवरून सांगत असेल, तर फोन ठेवा.

आणि चुकून बसलंच काही? आधी एअरप्लेन मोड, वायफायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब. अ‍ॅप निघत नसेल तर पॉवर ऑफचं बटण स्क्रीनवर दाबून धरा आणि फोन सेफ मोडमध्ये चालू करा, त्यात बाहेरून बसवलेली अ‍ॅपं चालत नाहीत. मग सेटिंग्जमधल्या डिव्हाइस अ‍ॅडमिनच्या (फोनवर जादा ताबा दिलेल्या अ‍ॅपांच्या) यादीतून त्याचं नाव काढा आणि अ‍ॅप उडवा.

आयफोनवाल्यांना यातलं फारसं काही लागू नाही. मार्च २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये अ‍ॅपलनं दुसऱ्या दुकानांना वाट दिली, ती आपल्याकडं पोचलेली नाही.

राहिला नकाशा. ऑसमअँडमध्ये भारत, मग महाराष्ट्र निवडा आणि घरच्या वायफायवरच उतरवून घ्या, फाईल मोठी असते. राधानगरीच्या पुढं ती उतरायची नाही.