सुडो लावायच्या आधी एवढं वाचा (उबुंटू, मिंट हे लिनक्स वापरणाऱ्यांसाठी)

सांगली मार्केट यार्डात एका अडत दुकानाचे दोन कॉम्प्युटर मी बघतो, दोन्हीवर उबुंटू आहे. सुडो म्हणजे पुढची कमांड रूटच्या, म्हणजे सिस्टमच्या सर्वेसर्वा युजरच्या, अधिकाराने चालवणारा प्रोग्राम. ऐन हळदीच्या सीझनमध्ये सकाळी सकाळी फोन आला, "दादा, सुडोच चालंना झालंय, काय टाकलं तरी एकच एरर येतोय." गेलो तर स्क्रीनवर लिहिलेलं, सुडो मस्ट बी ओन्ड बाय यूआयडी 0, म्हणजे सुडोचा मालक रूटच पाहिजे. बाहेर सौदे सुरू झालेले, शेतकऱ्यांच्या पट्ट्या प्रिंट व्हायच्या थांबलेल्या, आणि फोन करणारा दुकानातला पोरगा घामाघूम.

झालं होतं असं, की त्याला पट्टीसाठी एक मराठी फॉन्ट टाकायचा होता. फाईल /यूएसआर/शेअर/फॉन्ट्स मध्ये कॉपी करायला गेला तर परमिशन डिनाइड, मग कुठल्यातरी व्हिडिओत बघून त्याने सुडो सीएचओन -आर (मालक बदलायची कमांड) लावून अख्ख्या /यूएसआर ची मालकी स्वतःच्या नावावर करून टाकली. फॉन्ट बसला. पण सुडो हा प्रोग्रामसुद्धा /यूएसआर/बिन मध्येच राहतो, त्याचा मालक रूट असावा लागतो आणि त्याच्यावर सेटयूआयडी नावाची एक खूण असावी लागते, तिच्याच जोरावर तो साध्या युजरला रूटचं काम करू देतो. मालक बदलला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती खूण काढून टाकतं. म्हणजे ज्या चावीने कुलूप उघडायचं ती चावीच आत राहिली आणि दार लागलं. आणि एकट्या सुडोचं नाही, पासवर्ड बदलायची कमांड, दुसरा युजर व्हायची एसयू, सगळ्यांचीच खूण गेली, त्यामुळे शेवटी लाईव्ह यूएसबीवरून (पेनड्राईव्हवरूनच चालणारं उबुंटू) होम फोल्डर बाहेर काढून सिस्टम नव्याने टाकली. डेटा वाचला, पण दिवस गेला.

आणि खरं सांगायचं तर त्या फॉन्टला सुडो लागतच नव्हता. स्वतःच्या होममध्ये .लोकल/शेअर/फॉन्ट्स असं फोल्डर करायचं, फॉन्ट त्यात टाकायचा, फॉन्टची यादी ताजी करायला एफसी-कॅश -एफ चालवायचं, झालं. म्हणून हे लिहितोय, कारण आपल्याकडे बरेच जण परमिशन डिनाइड दिसलं की पुढं सुडो लावतात, आणि तिथंच सगळं बिघडतं. परमिशन डिनाइड म्हणजे सिस्टम विचारतीय, की ही वस्तू तुझी आहे का? आधी त्याचं उत्तर शोधायचं.

शोधायचं कसं, तर एलएस -एल लावून ती फाईल कोणाची आहे बघायचं, फोल्डर असेल तर एलएस -एलडी, आणि नुसतं आयडी टाकून आपण कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये आहोत ते बघायचं. एवढ्या दोन कमांडमध्ये निम्मे प्रश्न सुटतात. फाईल तुमच्या होममधली आहे आणि मालक रूट दिसतोय, तर आधी कधीतरी तुम्ही एखादा प्रोग्राम सुडोने उघडलाय, त्या एका फाईलची मालकी परत स्वतःकडे घ्या, तेवढ्या एकाच फाईलची. खिडकीवाले प्रोग्राम, म्हणजे फाईल मॅनेजर, टेक्स्ट एडिटर वगैरे, सुडो लावून उघडूच नका. तसं केलं की होममध्ये रूटच्या मालकीच्या सेटिंगच्या फाईली तयार होतात आणि मग कधीकधी पासवर्ड बरोबर टाकला तरी लॉगिन स्क्रीन फिरून फिरून तिथंच येते. पायथॉनचं काही टाकायचं असेल तर सुडो पिप (पायथॉनची पॅकेजं टाकायची कमांड) नाही, व्हेन्व, म्हणजे होममध्ये वेगळा कप्पा, करून त्यात टाका. आर्डुइनो (इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा बोर्ड) लावलाय आणि पोर्ट उघडत नाही, तर डायलआउट ग्रुपमध्ये स्वतःला घाला, सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट आणि पुढं आपलं युजरनेम, मग लॉगआउट करून परत लॉगिन. ए लहान, जी कॅपिटल. त्यातला ए विसरू नका बरं का. ए म्हणजे आहे त्यात भर घाल. तो राहिला तर बाकीच्या सगळ्या जोडीच्या ग्रुपमधून नाव निघतं, ज्याच्यामुळे सुडो वापरता येतो त्या सुडो ग्रुपमधून पण, आणि मग परत मलाच फोन.

आता सुडो खरंच लागतो तेव्हाचं. सॉफ्टवेअर टाकणं काढणं, अपडेट, सर्व्हिस चालू बंद करणं, /ईटीसी फोल्डरमधल्या सेटिंग, डिस्कची कामं, इथं तो लागतोच आणि घाबरायचं काही कारण नाही. सुडो तुमचा स्वतःचा पासवर्ड विचारतो, रूटचा नाही, उबुंटूत तर रूटचा पासवर्ड मुळात बंदच ठेवलेला असतो. टाईप करताना बऱ्याच उबुंटूवर काही उमटत नाही म्हणून कीबोर्ड बिघडलाय असं खूप जणांना वाटतं. तसं नाही, लिहा आणि एंटर मारा. मिंटवर मात्र फुल्या (*) दिसतात. एकदा पासवर्ड दिला की उबुंटूवर त्या टर्मिनलमध्ये १५ मिनिटं परत विचारत नाही, सुडोचा मूळ डिफॉल्ट ५ मिनिटांचा आहे. दुकानात चहाला उठताना सुडो -के टाकून उठा, म्हणजे मुदत तिथल्या तिथं संपते. सुडो -एल टाकलं की आपल्याला काय काय करायची मुभा आहे ते कळतं.

कमांड इंटरनेटवरून कॉपी केली तर आधी नुसत्या टेक्स्ट एडिटरमध्ये पेस्ट करा आणि एकेक शब्द वाचा. -आर दिसलं की थांबा, कारण ते आतल्या सगळ्या फोल्डरांत शिरतं. ७७७ (म्हणजे कोणालाही सगळी परवानगी) दिसलं की ते पान बंदच करा, सुडो सीएचमॉड (परवानग्या बदलायची कमांड) -आर ७७७ ने ईटीसीचं वाटोळं झालेलं मी बघितलंय, कोणाला सुडो द्यायचा ते जिच्यात लिहिलेलं असतं ती सुडोअर्स फाईल कोणालाही लिहिता येईल अशी झाली की सुडो स्वतःच चालायला नकार देतो. कर्लने स्क्रिप्ट उतरवून ती थेट सुडो बॅशला पाईप करा, म्हणजे न वाचताच रूट म्हणून चालवा, असं लिहिलेलं असेल तर आधी ती स्क्रिप्ट फाईल म्हणून उतरवा, वाचा, मग ठरवा. आरएम -आरएफ (न विचारता फोल्डरसकट पुसायची कमांड) च्या बाबतीत माझी एक सवय आहे, आधी तोच पाथ एलएस ला देतो, काय काय दिसतंय ते डोळ्यांनी बघतो, मग वरचा बाण दाबून एलएस च्या जागी सुडो आरएम करतो. पाथमध्ये एक स्पेस जास्त पडली तर एकाचे दोन पाथ होतात आणि पहिला भाग आख्खाच्या आख्खा उडतो. नुसत्या / वर आरएम आता चालत नाही, त्याला आडकाठी आहे, पण / च्या पुढं फुली (*) टाकली की ती आडकाठी लागू होत नाही. डीडी (डिस्कवर थेट लिहिणारी कमांड) ने पेनड्राईव्ह बनवताना एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी) दोनदा चालवा, एकदा पेनड्राईव्ह लावायच्या आधी आणि एकदा लावल्यावर, जे नाव नवीन दिसेल तेच आपलं, साईज पण जुळवून बघा.

एक जागा अशी आहे जिथं सगळेच अडतात. सुडो एको लिहून पुढं > ने ईटीसीतल्या फाईलमध्ये लिहायला गेलं तरी परमिशन डिनाइड येतं, आणि माणूस चक्रावतो, की सुडो लावलाय की! कारण > हे काम तुमचं शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम, करतं, सुडो सुरू व्हायच्या आधी, आणि शेल तर तुमच्याच नावाने चालतंय. त्यामुळे एको (मजकूर छापणारी कमांड) साधंच ठेवा आणि पाईप करून सुडो टी -ए (फाईलमध्ये लिहिणारी कमांड, tee) ला द्या. इथं पण ए पाहिजेच, नाहीतर जुना मजकूर पुसून जाईल. पूर्ण फाईल एडिट करायची असेल तर सुडोएडिट वापरा, तो फाईलची कॉपी तुमच्या नावाने उघडतो आणि सेव्ह केलं की जागेवर ठेवतो, म्हणजे एडिटर रूट म्हणून चालत नाही.

सुडोअर्स फाईल नॅनोसारख्या एडिटरने थेट उघडू नका. व्हिसुडो वापरा, तो सेव्ह करताना व्याकरण तपासतो आणि चूक असेल तर तिथंच विचारतो, नाहीतर एका स्वल्पविरामापायी सुडो बंद पडू शकतो. मी तर दुसऱ्या टर्मिनलमध्ये सुडो -आय, म्हणजे रूटचं शेल, उघडूनच ठेवतो, बदल केला, तिसऱ्या टर्मिनलमध्ये चालतंय का बघितलं, मगच ते रूटचं बंद. दुकानात प्रिंटर अडकला की कप्स (प्रिंटिंगची) सर्व्हिस रिस्टार्ट करावी लागते, त्यासाठी त्या पोराला पूर्ण सुडो द्यायची गरज नव्हती. सुडोअर्स.डी फोल्डरमध्ये वेगळी फाईल करून फक्त सिस्टमसीटीएल रिस्टार्ट कप्स एवढीच कमांड, पूर्ण पाथ लिहून, त्याला नोपासडब्ल्यूडी (NOPASSWD, म्हणजे पासवर्ड न विचारता) करून दिली. त्या फाईलच्या नावात टिंब ठेवू नका, टिंब असलेली फाईल सुडो वाचतच नाही, मी यात अर्धा तास घालवलाय. आणि व्हिम (एडिटर) किंवा लेस (फाईल वाचायचा) असले प्रोग्राम कधी नोपासडब्ल्यूडी देऊ नका, त्यांच्या आतून शेल उघडता येतं, म्हणजे पूर्ण रूट दिल्यासारखंच.

अपडेट टाळू नका. २०२१ च्या जानेवारीत सुडोमध्येच एक भोक सापडलं, जे २०११ पासून तिथं होतं, कुठल्याही साध्या युजरला त्यातून रूट होता येत होतं. २०२५ मध्ये परत एक सापडलं. दोन्ही वेळा ज्यांनी अपडेट मारलं ते सुटले. कोणी काय चालवलं ते उबुंटूत /व्हार/लॉग मधल्या ऑथ.लॉग मध्ये दिसतं, पोरावर ओरडायच्या आधी ते वाचा.

आणि तरीही सुडो मेलाच तर. फक्त सुडोअर्समध्ये चूक असेल आणि डेस्कटॉप चालू असेल तर पीकेएक्झेक व्हिसुडो लावून बघा (पीकेएक्झेक ही रूट म्हणून चालवायची दुसरी कमांड), बऱ्याचदा तेवढ्यात भागतं. नाहीतर मशीन रिस्टार्ट करून, चालू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून रिकव्हरी मोड, तिथं रूट शेल, माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू / करून लिहायची परवानगी मिळवायची, मग दुरुस्ती. कोणाचं नाव सुडो ग्रुपमधून निघालं असेल तर तेही इथूनच परत घालता येतं. तेही जमलं नाही तर लाईव्ह यूएसबी. अडत दुकानात तो पेनड्राईव्ह आता गल्ल्यात ठेवलाय, वर चिकटपट्टीवर उबुंटू लिहून.