पहिल्या लेव्हलचे स्पेल निवडताय? या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळात नवा विझर्ड, म्हणजे जादूगाराचं पात्र घेतलेला खेळाडू, टेबलावर येऊन बसला की पहिला प्रश्न ठरलेला: "सगळ्यात जास्त डॅमेज कुठल्या स्पेलला?" दुसरा प्रश्न, फायरबॉल कधी मिळणार? पाचव्या लेव्हलला. तोवर जगायचं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या, खुर्चीत बसून त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून हे लिहून ठेवतोय. आकडे २०१४ च्या पाचव्या एडिशनचे आहेत. २०२४ च्या पुस्तकात जिथे मोठा फरक आहे, तिथे तसं सांगितलंय.

फक्त डॅमेजचे डाइस मोजणे

पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे स्लॉट (प्रत्येकातून एक स्पेल टाकता येतो) असतात दोन आणि एचपी (म्हणजे पात्राचा जीव) सहा अधिक कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा, मॉडिफायर. हे दोन आकडे शीटवर दिसत असताना लोक बर्निंग हँड्स घेतात, कारण ३डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे. पण त्या ज्वाळांचा कोन पंधरा फुटांचा आणि तो तुमच्या हातापासून सुरू होतो. म्हणजे आठ एचपीवाल्या माणसाने गॉब्लिनच्या तलवारीसमोर जाऊन उभं राहायचं. स्पेल वाईट नाही, पण तेवढ्या जवळ जायचं तर अंगावर आधी काहीतरी हवं. मेज आर्मरने एसी (तुम्हाला वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा) १३ अधिक डेक्स्टेरिटी होतो आणि आठ तास टिकतो. शील्डने ऐन वेळी, रिॲक्शनवर (समोरच्याच्या पाळीतच), एसी पाचने वाढतो. दोन्हींना डॅमेजचा एकही डाइस नाही, म्हणून नवखे त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

खरं तर रोजचा मारा कँट्रिपनेच, म्हणजे स्लॉट न लागणाऱ्या छोट्या स्पेलनेच, करायचा असतो. फायर बोल्ट १डी१०, एकशेवीस फुटांवरून, हवा तितक्या वेळा. स्लॉट खर्चायचा तो कँट्रिपला जमत नाही अशा कामासाठी.

सगळेच स्पेल कॉन्सन्ट्रेशनचे

ही माझी सर्वांत नावडती चूक. आमच्या टेबलावर एक उत्साही मुलगा बार्ड (गाण्यातून जादू करणारं पात्र) घेऊन आला. चार स्पेल मिळतात, चारही त्याने मोठ्या हौसेने निवडलेले: फेअरी फायर, हिरोइझम, बेन आणि टाशाज हिडियस लाफ्टर. एकेक घेतला तर चारही चांगले. पण चौघांच्याही ड्युरेशनच्या ओळीत 'कॉन्सन्ट्रेशन' लिहिलेलं होतं, म्हणजे टाकणाऱ्याने लक्ष टिकवलं तरच स्पेल चालू राहतो, आणि ती ओळ त्याने वाचलीच नव्हती. 'नावावरून कळतंय की' असं त्याचं म्हणणं.

पहिलीच लढाई गुहेत, चार गॉब्लिन आणि त्यांचा म्होरक्या बगबेअर. बार्डने पहिल्या राउंडला फेअरी फायर टाकला. तीन गॉब्लिन सेव्ह (स्पेलमधून वाचायला टाकायचा फासा) चुकले आणि जांभळ्या प्रकाशात झळकायला लागले. पार्टीतली रोग (Rogue, चोरट्या हल्ल्यांचं पात्र) खूश, कारण ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) म्हणजे स्नीक ॲटॅक, तिचा जादा डॅमेज. तिने एकाला तिथेच आडवा केला. दुसऱ्या राउंडला बगबेअर फायटरवर धावून आला, तसा आमचा बार्ड ओरडला, "याला हसवतो!" मी विचारलं, "नक्की?" नवख्याला डीएमने असं विचारलं की एकदा तरी शीटकडे बघावं. त्याने बघितलं नाही. हिडियस लाफ्टर टाकल्या क्षणी फेअरी फायर विझला, कारण कॉन्सन्ट्रेशनचा दुसरा स्पेल टाकला की पहिला संपतो, मग दुसरा लागू पडो न पडो. बगबेअरने विस्डमचा सेव्ह आरामात केला. तेलही गेलं, तूपही गेलं. दोन राउंडांत दोन्ही स्लॉट संपले, तिसऱ्या राउंडला फायटर शून्यावर पडला, आणि बार्डकडे उरलं काय, तर व्हिशस मॉकरी हा टोमण्यांचा कँट्रिप. फायटर जगण्या-मरण्याचे डेथ सेव्ह टाकतोय आणि हे महाशय बगबेअरला शिव्या देताहेत.

त्या चारपैकी एकाच्या जागी हीलिंग वर्ड असता तर? बोनस ॲक्शन (पाळीतली जास्तीची छोटी कृती), साठ फुटांवरून, १डी४ अधिक मॉडिफायर. आकडा किरकोळ, पण शून्यावर पडलेला फायटर एका एचपीवरही उठून तलवार चालवतो. अर्थात दोन्ही स्लॉट आधीच उधळले असते तर तोही कामाचा नव्हता. सेशननंतर मुलाचं मत काय, तर "बार्ड हा क्लासच वीक आहे."

माझी सवय सांगतो. शीटवर स्पेलच्या नावापुढे लाल पेनाने 'कॉ' लिहायचं. पहिल्या लेव्हलला दोनपेक्षा जास्त 'कॉ' दिसले की एक खोडायचा. आणि ज्याचं कॉन्सन्ट्रेशन चालू आहे त्याने मागे उभं राहायचं. मार बसला की ते टिकवायला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह असतो, गाठायचा आकडा दहा किंवा डॅमेजच्या निम्मे, यातलं जे जास्त असेल ते.

'बेस्ट स्पेल'ची यादी डोळे मिटून उतरवणे

उतावळ्या मंडळींचा हा लाडका शॉर्टकट. पाच मिनिटांत यादी उतरवतात आणि अर्धं सेशन माझ्याकडून स्पेल समजून घेण्यात घालवतात. शिवाय यादी कुठल्या पुस्तकाची, हेही बघत नाहीत. २०१४ चा स्लीप सेव्ह मागत नाही. ५डी८ टाकायचे आणि कमी एचपीवाल्यापासून झोपवत जायचं. सात-सात एचपीचे तीन गॉब्लिन सहसा गार होतात. (आणि वर्तुळात तुमचा जखमी मित्र असेल तर त्याचाही नंबर लागतो, बरं का.) २०२४ चा स्लीप विस्डमचा सेव्ह मागतो आणि वर कॉन्सन्ट्रेशनही. उलट ट्रू स्ट्राइक हा जुना कँट्रिप जवळपास निरुपयोगी, नव्या पुस्तकात मात्र चांगला हल्ला. तेव्हा टेबलावर जे पुस्तक चालतं, त्यातली मूळ नोंद स्वतः वाचा. एका स्पेलला दोन मिनिटंही लागत नाहीत.

किरकोळ वाटणाऱ्या, पण नडणाऱ्या

विच बोल्ट: नावावर जाऊ नका. रेंज तीस फूट, शत्रू लांब पळाला की संपलं.

क्रोमॅटिक ऑर्बला पन्नास गोल्डचा हिरा लागतो. आधी पैसे मोजा.

चार्म पर्सन उतरल्यावर समोरच्याला कळतं की आपल्यावर जादू झाली होती. गावातल्या सावकारावर वापरताना पुढच्या आठवड्याचाही विचार असू द्या.

थंडरवेव्हचा आवाज तीनशे फुटांवर जातो. चोरपावलांनी शिरलेल्या किल्ल्यात तो टाकणाऱ्याला मी काही बोलत नाही, फक्त पहारेकरी मोजायला लागतो.

विझर्ड असून रिच्युअल (सावकाश, विधीसारखे टाकता येणारे स्पेल) न घेणं म्हणजे फुकटचं नाकारणं. डिटेक्ट मॅजिक विझर्डच्या मंत्रांच्या पुस्तकात असला की पुरे. प्रिपेअर करायला (दिवसाच्या यादीत घ्यायला) नको, स्लॉट नको, दहा मिनिटं जास्त द्यायची. फाइंड फॅमिलियरला दहा गोल्डची धूप-सामग्री जळते आणि तासभर लागतो, पण मग जादूने बोलावलेलं घुबड आधी आत जाऊन बघून येतं आणि लढाईत हेल्प करून मित्राला ॲडव्हान्टेज देतं. दहा गोल्डमध्ये याहून चांगला सौदा पहिल्या लेव्हलला मला तरी माहीत नाही.

चूक होऊन बसली असेल तर

क्लेरिक आणि ड्रुइड या क्लासना घाबरायचं कारण नाही, लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) यादी बदलता येते. विझर्डला दर लेव्हलला दोन नवे स्पेल मिळतातच, शिवाय सापडलेल्या स्क्रोलवरून पुस्तकात उतरवता येतात: स्पेलच्या प्रत्येक लेव्हलमागे पन्नास गोल्ड आणि दोन तास. बार्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉकला २०१४ च्या नियमांत लेव्हल वाढेल तेव्हा एकच बदलता येतो, म्हणून निवडताना सगळ्यांत जास्त वेळ त्यांनीच द्यावा. तोवर थांबवत नसेल तर डीएमला सरळ विचारा. दुसऱ्या सेशनआधी एक स्पेल बदलून मागितला तर मी कधीच नाही म्हणत नाही. लढाई सुरू असताना मागितला तर मात्र ऐकूही येत नाही.