कार्बनला पाचवा बाँड देऊ नका! ऑरगॅनिक केमिस्ट्रीमधल्या नेहमीच्या चुका

पेपरात कार्बनला पाच बाँड (अणूंना जोडणारे बंध) दिसले की परीक्षक पुढचं उत्तर फारशा आशेने वाचत नाही. ही चूक बहुधा नागमोडी रेषांच्या आकृतीत होते, जिथे प्रत्येक कोपरा म्हणजे एक कार्बन. डबल बाँड काढला जातो, पण त्या कोपऱ्यावरचा न दिसणारा हायड्रोजन कमी करायचा राहतो. प्रत्येक कोपऱ्यावर बेरीज करा, चारच यायला हवेत.

दुसरी चूक रेझोनन्सची, म्हणजे एकच रेणू दाखवायला एकाहून जास्त चित्रं लागतात तेव्हाची. बेंझिनच्या सहा कार्बनच्या रिंगमध्ये सिंगल आणि डबल बाँड आलटूनपालटून काढायच्या दोन रीती आहेत, आणि ‘बेंझिन या दोन रचनांमध्ये सतत बदलत असतं’ असं सर्रास लिहिलं जातं. बेंझिनची रचना मांडणाऱ्या खुद्द केकुलेंनी १८७२ मध्ये काहीसं असंच मांडलं होतं, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका. पण मोजमाप पाहा: इथेनमधला सिंगल सी–सी बाँड १५४ पिकोमीटर, इथीनमधला डबल १३४, आणि बेंझिनमधले सहाही बाँड सारखेच, साधारण १३९. म्हणजे रेणू एकच आहे. तो कागदावर दाखवायला आपल्याला दोन चित्रं लागतात. म्हणून त्यांच्यामध्ये दोन टोकांचा एकच बाण काढायचा, समतोलाचे उलटसुलट दोन बाण नाहीत. आणि हायड्रोजन जागचा हलला असेल, तर तो रेझोनन्सच नव्हे.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते हायब्रिडायझेशनमध्ये, म्हणजे अणूच्या ऑर्बिटल्स मिसळून एसपी-टू (तीन, सपाट) होतात की एसपी-थ्री (चार), ते ठरवताना. पॅरासिटामॉलचा नायट्रोजन घ्या. तीन सिग्मा (साधे सिंगल) बाँड, एक लोन पेअर (बाँडमध्ये नसलेली इलेक्ट्रॉनची जोडी), बेरीज चार, म्हणून ‘एसपी-थ्री’ लिहून मोकळे! पण शेजारी सी–ओ डबल बाँड आहे, आणि लोन पेअर तिकडे पसरलेली आहे. म्हणून तो नायट्रोजन एसपी-टू धरायचा, जवळजवळ सपाट. अमाइडमधला (सी–ओ डबल बाँडशेजारच्या नायट्रोजनचा) सी–एन बाँडही साध्या अमाइनमधल्या १४७ पिकोमीटरवरून १३३ च्या आसपास येतो. हा नायट्रोजन बेस म्हणून (प्रोटॉन घ्यायला) फारसा कामाचा नाही, तेही याचमुळे. मात्र हाच नियम पिरिडिनला लावू नका. तिथे नायट्रोजन स्वतःच डबल बाँडमध्ये आहे, त्याची लोन पेअर रिंगच्या प्रतलात बाहेर तोंड करून असते आणि प्रोटॉन घ्यायला मोकळी असते.

आणि हो, द्रव उकळताना रेणूतले बाँड तुटत नाहीत, रेणूरेणूंमधलं आकर्षण सुटतं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, डायमिथाइल ईथर उणे २४ ला. रेणुसूत्र दोघांचं एकच, पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजनला हायड्रोजन जोडलेला असल्याने त्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरतात. उत्कलनबिंदूचा प्रश्न आला की आधी हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलाय की कार्बनला, ते बघा.