अ‍ॅन्क्झायटी-डिप्रेशनमध्ये आपण घालतो ते घोळ: या चुका टाळा

अ‍ॅन्क्झायटी किंवा डिप्रेशनमध्ये माणूस मूर्खपणा करतो म्हणून अडकत नाही. तो जे करतो त्याने खरंच बरं वाटतं, पंधरा मिनिटं, एक रात्र, फार तर आठवडाभर, आणि घोळ तिथेच आहे. ट्रेन सोडून दिली, बरं वाटलं. ऑफिसचा फोन उचलला नाही, बरं वाटलं. कुणाची तरी झोपेची गोळी घेतली, मस्त झोप लागली. खालच्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत, म्हणून तर सुटता सुटत नाहीत.

ट्रेन टाळणं

समजा मुंबईची लोकल, सकाळची विरार फास्ट, अंधेरी सोडल्यावर गाडी मधेच थांबली, हात वर करायला जागा नाही, आणि अचानक छाती धडधडायला लागते, बोटांना मुंग्या, घाम, वाटतं की गेलो आता. हा पॅनिक अटॅक. तो साधारण दहा मिनिटांत टिपेला जातो आणि मग आपोआप उतरायला लागतो, पण तोवर वांद्रे आलेलं असतं, माणूस उतरून बाकड्यावर पाणी पीत बसलेला असतो आणि डोक्यात पक्कं बसतं की उतरलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवसापासून स्लो ट्रेन, कारण स्टेशन लगेच लगेच येतं. मग स्लो पण फक्त दाराजवळ. मग रिक्षा, मग बॉसकडे वर्क फ्रॉम होम मागणं, आणि शेवटी भाचीच्या बारशाला डोंबिवलीला जायचं म्हटलं तरी पोटात गोळा.

उपाय म्हणजे उद्याच पीक अवरला चढून हिरोगिरी करणं नाही हां. रविवारी दुपारी स्लो पकडा, दादर ते माहीम, दोनच स्टेशनं, हवं तर सोबत कुणी घ्या, आणि धडधडलं तर धडधडू द्या पण माहीमच्या आधी उतरू नका. कंटाळा येईपर्यंत हेच करा, मग वांद्रे, मग एकट्याने, मग अंधेरी. कंटाळा आला की समजायचं पास झालो. थेरपीत याला एक्स्पोजर म्हणतात आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) करणारे थेरपिस्ट ते असंच पायरी पायरीने करून घेतात.

त्या वेळी शेजारचा कुणीतरी हमखास सांगतो की "जोरात श्वास घे". नका घेऊ! भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्या मुंग्या, ते गरगरणं बरंचसं त्याचंच असतं. श्वास हळू सोडण्यावर लक्ष द्या, आत घेताना चार मोजा आणि सोडताना सहा.

आणि पहिल्यांदाच छातीत दुखत असेल तर "पॅनिकच असेल" हे स्वतःचं स्वतः ठरवायचं नाही, सरळ डॉक्टर गाठा आणि ईसीजी काढा. उलटी चूकसुद्धा तितकीच कॉमन, ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, स्ट्रेस टेस्ट नॉर्मल, तरी अजून एका कार्डिओलॉजिस्टची अपॉइंटमेंट, कारण रिपोर्ट हातात आला की दोन दिवस शांत जातात.

गोळ्यांचे घोळ

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन या डिप्रेशन-अ‍ॅन्क्झायटीच्या नेहमीच्या गोळ्या, यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात, पण मळमळ, डोकेदुखी, बेचैनी पहिल्याच आठवड्यात सुरू होते. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर, मग लोक पाचव्या दिवशी "मला सूट नाही झाली" म्हणून पाकीट कपाटात टाकतात. त्रास होतोय तर डॉक्टरला फोन करा, डोस कमी करून हळू वाढवता येतो. बेचैनी खूपच वाढली किंवा जीव द्यायचे विचार यायला लागले तर मात्र त्याच दिवशी कळवा.

दुसरा घोळ बरं वाटल्यावर होतो. दोन महिन्यांनी माणूस हसायला-जेवायला लागतो आणि घरचेच म्हणतात, आता कशाला त्या गोळ्या, सवय लागेल. एकदम बंद केल्या की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, आणि आजार परत यायची शक्यता ती वेगळीच. पहिल्या वेळी पूर्ण बरं वाटल्यानंतरही डॉक्टर साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात.

खरी सवय लागते ती अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्यांची. अर्ध्या-पाऊण तासात शांत वाटतं म्हणून यांचं वाटपच चालतं, शेजारच्या काकूंना अर्धी, ऑफिसच्या मित्राला एक. डॉक्टर बऱ्याचदा सुरुवातीला थोड्या दिवसांसाठी देतात, लोक वर्षभर त्याच चिठ्ठीवर काढतात. आणि रोज घेत असाल तर मनाने एकदम सोडूही नका, फिट येऊ शकते. दारूबरोबर तर नाहीच नाही. म्हणजे सवय लागते यांची आणि बदनाम होतात सगळ्याच.

दारूचंही तेच. क्वार्टरने झोप लागते, पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात, आणि सकाळची घबराट कालच्यापेक्षा जास्त.

"मूड आला की करीन"

डिप्रेशनमध्ये मूड आधी येत नाही, काम आधी करावं लागतं, मूड मागून आला तर येतो. पण काम म्हणजे जिम आणि पाच वाजता उठणं नव्हे, दहाच्या आत आंघोळ आणि खाली जाऊन दुधाची पिशवी आणणं, बस. घरच्यांनी "तुला काय कमी आहे" हा डायलॉग बंद करावा, त्याला तो प्रश्न स्वतःलाच दिवसभर पडलेला असतो. दोन आठवडे जवळपास रोज उदास, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली असेल तर "स्वभावच तसा" म्हणून सोडू नका. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ पण तपासून घ्या, थायरॉइड कमी असेल तरी माणूस असाच दिसतो.

"जगून काय करायचं" असं कुणी बोललं तर विषय बदलू नका, सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्याने डोक्यात विचार भरला जात नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा हलवा आणि टेली मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. लगेच धोका वाटत असेल तर थेट कॅज्युअल्टी.

डॉक्टरकडे जाताना

सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हटलं की घरच्यांना थेट ठाण्याचं मेंटल हॉस्पिटलच दिसतं, त्यामुळे लोक आधी रील्सवरच्या हीलरकडे हजारो घालवून येतात. औषध लिहून देतो तो एमडी सायकिअ‍ॅट्रिस्ट, थेरपी करतो तो सायकॉलॉजिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन विचारा, विचारण्यात लाज कसली. खाजगी फी झेपत नसेल तर मुंबईत महापालिकेची केईएम, सायन, नायर, कूपर, सगळीकडे सायकिअ‍ॅट्री ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी नीट वाचा, २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायला सांगितलंय.

आत गेल्यावर "बस थोडं टेन्शन आहे" एवढंच बोलून बाहेर येऊ नका. घरूनच लिहून न्या, कधीपासून, झोप किती, कुठल्या गोळ्या, दारू-तंबाखू खरी किती. आधी कधी उलटं झालं होतं का तेही सांगा, म्हणजे आठवडाभर झोप नसताना प्रचंड उत्साह, वारेमाप खर्च, कारण तसं असेल तर औषधंच वेगळी लागतात. आणि त्या एका मामाला काय झालं होतं, ज्याच्याबद्दल घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, ते आईला आधीच विचारून ठेवा, डॉक्टर तो प्रश्न विचारतातच.