सोन्यासाठी ड्रिलिंग आणि सॅम्पलिंग: या चुका टाळा

प्रॉस्पेक्टवर, म्हणजे सोन्याचा शोध चालू असलेल्या जागेवर, संध्याकाळी पहिला प्रश्न ठरलेला असतो: आज किती मीटर झालं? ड्रिलिंगचं बिल मीटरवर निघतं, म्हणून ड्रिलरने हे विचारणं समजू शकतं. जिऑलॉजिस्टही तेच विचारू लागला की समजावं, पुढे गडबड आहे. टनाला ३ ग्रॅम म्हणजे दहा लाख भागांत तीन भाग सोनं. लोहखनिजाच्या सॅम्पलमध्ये मूठभर माल इकडचा तिकडे झाला तरी आकडा फारसा हलत नाही. सोन्यात चिमूटभर गाळ वाहून गेला तरी अख्खा झोन, म्हणजे सोनं असलेला पट्टा, चुकीचा मोजला जातो. म्हणून ज्याचा कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेली खडकाची गोल कांडी, पुरा हातात आला, ज्याचं सॅम्पल लॅबपर्यंत शुद्ध पोचलं आणि ज्याचा अर्धा भाग अजून बॉक्समध्ये आहे, तेवढंच मीटर प्रगती म्हणून धरावं.

कोअर कमी आला, तरी पुढचा रन

कर्नाटकातल्या हट्टी किंवा कोलारच्या पट्ट्यात सोनं असतं ते बहुतेक उभ्या कलाच्या शिअर झोनमध्ये, म्हणजे खडक सरकून पिळवटलेल्या पट्ट्यांत. गारेची (क्वार्ट्झची) कठीण शीर, तिला चिकटून पिळवटलेला मऊ शिस्ट खडक, त्यात पायराइट आणि आर्सेनोपायराइट ही सल्फाइड खनिजं. कठीण आणि मऊ असं शेजारी शेजारी आलं की बिट गारेवर अडतो, ड्रिलर दाब आणि पाणी वाढवतो, आणि त्या पाण्यात शेजारचा शिस्ट चिखल होऊन निघून जातो. ३ मीटरच्या रनमध्ये, म्हणजे ड्रिलिंगच्या एका खेपेत, २.४ मीटर कोअर मिळतो, म्हणजे रिकव्हरी ८० टक्के. महिन्याच्या रिपोर्टात मात्र ‘होलची सरासरी रिकव्हरी ९५ टक्के’ असं जातं आणि सगळे निर्धास्त होतात. हरवलेले ६० सेंटिमीटर नेमके झोनमधले असतात, हे त्या सरासरीत दिसतच नाही.

यात आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. समजा १ मीटरच्या सॅम्पलमध्ये ४० सेंटिमीटर गार आहे टनाला १० ग्रॅमची आणि ६० सेंटिमीटर शिस्ट अर्ध्या ग्रॅमचा. खरी ग्रेड, म्हणजे टनामागे सोन्याचे ग्रॅम, येते ४.३. त्यातला ३० सेंटिमीटर शिस्ट वाहून गेला तर लॅब ५.९ सांगेल, आणि आपण ती ग्रेड पूर्ण १ मीटरला लावून मोकळे होऊ. सोनं शिस्टमधल्या सल्फाइडमध्ये असेल तर उलटं होतं, चांगला झोन किरकोळ म्हणून सोडून दिला जातो. लॅब कितीही चांगली असली तरी न आलेल्या कोअरची ग्रेड ती सांगू शकत नाही.

उपाय रिगवरच करायचा असतो. सेक्शनवरून, म्हणजे जमिनीच्या उभ्या छेदाच्या नकाशावरून, झोन कुठे लागेल याचा अंदाज घेऊन ती खोली होल सुरू होण्याआधीच रिगच्या फळ्यावर खडूने लिहावी. झोनच्या १० मीटर आधीपासून रन दीड मीटरवर आणावा, खडक फुटकाच असेल तर अर्ध्या मीटरवर. ट्रिपल ट्यूब (कोअर सांभाळणारी जादा आतली नळी) लावावी, पॉलिमर मड (होलमध्ये सोडायचा द्रव) घट्ट ठेवावा, पाणी कमी करावं. झोनपर्यंत एचक्यू साइज टिकवावा. एचक्यूचा कोअर ६३.५ मिलिमीटरचा, एनक्यूचा ४७.६ चा. जाड कोअर कमी तुटतो आणि सॅम्पलही जवळपास पावणेदोन पट मिळतं. झोनमध्ये रिकव्हरी ९० टक्क्यांखाली गेली तर वेज (होल वळवणारी पाचर) टाकून तेवढा भाग पुन्हा ड्रिल करायचा, ही अट कंत्राटातच असावी. कंत्राटात नसेल तर रात्रपाळीत ती कुणीही पाळणार नाही.

रिकव्हरी मोजायची ती कोअर ट्यूबमध्ये असतानाच. बॉक्समध्ये भरून ट्रॅक्टरमधून कोअर शेडला आलेला तुटका कोअर सैल पडून लांब झालेला असतो. रिकव्हरी १०३ टक्के आली तर ती वहीत १०० करू नका. आधीच्या रनचा बुंधा खाली राहून आता वर आला असेल, नाहीतर बॉक्समधला खोली लिहिलेला ब्लॉक चुकला असेल. दर ३० ते ५० मीटरला रॉड मोजून बघावेत. एक ३ मीटरचा रॉड मोजायचा राहिला तर तिथून खालचा अख्खा होल ३ मीटरने सरकतो, आणि ते कळतं शेजारच्या होलशी झोन जुळेनासा झाल्यावर.

पूर्ण कोअर लॅबला पाठवणं

ही चूक किती महाग पडते याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण इंडोनेशियातल्या पूर्व कालिमंतानमधलं बुसांग. कॅनडातल्या कॅलगरीच्या ब्री-एक्स कंपनीने तिथल्या सोन्याचा आकडा वाढवत वाढवत फेब्रुवारी १९९७ मध्ये सुमारे ७ कोटी १० लाख औंसांपर्यंत नेला. म्हणजे २,२०० टन. रीत अशी की कोअर उभा कापायचा, अर्धा लॅबला आणि अर्धा बॉक्समध्ये. बुसांगला दाखवण्यापुरते छोटे तुकडे ठेवून बाकी कोअर फोडून पाठवला जायचा. कारण दिलं जायचं ते ऐकायला बरोबर होतं: सोनं जाड कणांचं आहे, सॅम्पल मोठं हवं.

भागीदारीसाठी पुढे आलेल्या फ्रीपोर्ट कंपनीने पैसे घालण्याआधी जुन्या होलना खेटून स्वतःचे होल घेतले. त्यांत सोनं नगण्य निघालं, आणि मार्च १९९७ मध्ये ते जाहीर झालं. मेमध्ये स्ट्रॅथकोना या स्वतंत्र सल्लागार कंपनीचा अहवाल आला: सॅम्पलमध्ये बाहेरचं सोनं मिसळलं होतं. कणांच्या कडा गोलसर होत्या, नदीच्या गाळात घासलेल्या सोन्यासारख्या. लॅबने पिशवीत जे आलं त्याचं बरोबर उत्तर दिलं होतं. बिघाड रिग आणि लॅब यांच्या मधल्या वाटेवर होता. बॉक्समध्ये अर्धा कोअर असता तर कुणीही चार बॉक्स उघडून आठवडाभरात पुन्हा तपासणी करू शकलं असतं. पूर्ण कोअरचा चुरा झाल्यामुळे नवे होल घेण्याशिवाय मार्गच उरला नाही. या प्रकरणानंतर कॅनडाने २००१ मध्ये खनिज प्रकल्पांची माहिती जाहीर करण्याबद्दलचा ४३-१०१ हा नियम आणला.

जाड सोन्यासाठी मोठं सॅम्पल लागतं हे खरंच आहे. त्यासाठी जाड कोअर काढा, एचक्यू किंवा त्याहून जाड पीक्यू. अर्धा कोअर ठेवण्यात तडजोड करू नका. जागा नाही, बॉक्स महाग पडतात, ही कारणं नव्या लोकांकडून सतत येतात. हजार मीटर ड्रिलिंगच्या खर्चापुढे बॉक्सचा खर्च काहीच नाही.

कापण्यातही शिस्त लागते. आधी कोअर ओला आणि कोरडा, असे दोन्ही फोटो. मग कोअरवर रेघ, आणि शीर दोन्ही अर्ध्यांत सारखी विभागेल अशी ती रेघ फिरवून घ्यायची. सॅम्पलला नेहमी एकाच बाजूचा अर्धा, समजा उजवा. ‘जरा चांगला दिसतो’ म्हणून चमकदार अर्धा पिशवीत टाकायचा मोह हेल्परलाही होतो आणि जिऑलॉजिस्टलाही. भुसभुशीत कोअर करवतीच्या पाण्यात धुऊन जातो, तो पात्याने किंवा पत्र्याने कोरडाच विभागावा. दिसणारं सोनं कापल्यावर करवत विटेच्या तुकड्यावर चालवून साफ करावी. सॅम्पलची हद्द खडकाप्रमाणे ठरवा, ३० सेंटिमीटर ते १ मीटर, आणि झोनच्या दोन्ही अंगांना निदान २ मीटर ‘रिकामा’ वाटणारा खडकही पाठवा. पिशवीत एक टॅग, बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा. पिशवीला नंबरी सील, आणि रात्रभर पिशव्या कुलपाबाहेर ठेवायच्या नाहीत.

कोअर शेडमध्ये अंगठी, बांगडी, साखळी घालून काम करू देऊ नका, हे दारावरच लिहून लावा. ३० ग्रॅमच्या चार्जमध्ये, म्हणजे लॅब एका चाचणीला घेते तेवढ्या पावडरीत, टनाला १ ग्रॅम असा आकडा यायला ०.०३ मिलिग्रॅम सोनं पुरतं. गारेवर घासलेली २२ कॅरटची अंगठी तेवढं सहज सोडून जाते. कुणाचं मंगळसूत्र काढायला लावणं अवघड जातं, म्हणून त्या माणसाला लॉगिंग (कोअरचं वर्णन लिहिणं) किंवा फोटोचं काम द्यावं, पिशव्या भरायचं नको.

आर. सी. ड्रिलिंगमध्ये ओली सॅम्पलं

आर. सी. (रिव्हर्स सर्क्युलेशन), ज्यात कोअरऐवजी हवेने चुरा वर येतो, स्वस्त आणि भराभर होतं, म्हणून घाईतल्या माणसाला ते फार आवडतं. १४० मिलिमीटरच्या होलमधून मीटरमागे सुमारे ४० किलो चुरा यायला हवा. दर मीटरची पिशवी वजन करा. २५ किलो आली तर बाकीचा माल कुठे गेला, हे तिथेच विचारा. पाणी लागलं की सॅम्पल सायक्लोनला (हवेतून चुरा वेगळा करणाऱ्या भांड्याला) चिकटतं, बारीक माल पाण्याबरोबर जातो आणि वरचं सोनं खाली गळत राहतं. श्रीमंत झोनच्या खाली ग्रेड हळूहळू उतरणारी शेपटी दिसली, किंवा दर ६ मीटरला, म्हणजे रॉड जोडताना, ग्रेड उसळली तर ते सोनं त्या खोलीचं नाही असंच धरा. बूस्टर (हवेचा दाब वाढवणारं यंत्र) लावूनही होल कोरडा राहत नसेल तर तिथे थांबा आणि पुढचं कोअर काढणाऱ्या डायमंड ड्रिलिंगने करा. ओल्या चुऱ्यात पाइप खुपसून काढलेलं सॅम्पल मी सॅम्पल मानत नाही.

न पटलेली ग्रेडच परत तपासणं

अर्ध्या मिलिमीटरचा सोन्याचा एक गोल कण सुमारे १.२६ मिलिग्रॅमचा. तो ३० ग्रॅमच्या चार्जमध्ये आला तर ग्रेड ४२ ग्रॅम, शेजारच्या चार्जमध्ये राहिला तर इथे जवळजवळ शून्य. म्हणून जाड सोन्याच्या जागी एकाच पावडरचे दोन निकाल वेगळे येतात आणि लोक लॅबला दोष देतात. दिसणारं सोनं असेल तिथे ‘स्क्रीन फायर अ‍ॅसे’ ही चाचणी मागवा: १ किलो पावडर १०६ मायक्रॉनच्या चाळणीतून, वर उरलेलं सगळं तपासायचं, खालच्याच्या दोन चाचण्या, आणि मग वजनाप्रमाणे सरासरी.

कमी आलेली सॅम्पलं तेवढी परत पाठवून जास्तीचा आकडा ठेवणं हा सरळ पक्षपात आहे. परत पाठवायची तर झोनमधली सगळी, अंगच्या रिकाम्या खडकासकट. दर २० सॅम्पलमागे एक प्रमाणित स्टँडर्ड (ग्रेड आधीच माहीत असलेलं सॅम्पल), एक ब्लँक (सोनं नसलेलं) आणि एक डुप्लिकेट (त्याच सॅम्पलचा दुसरा भाग) घाला. ब्लँक म्हणून पावडर देऊ नका. सोनं नसलेल्या दगडाचे खडे द्या, म्हणजे ते लॅबच्या क्रशरमधूनही जातील आणि तिथली घाण उघडी पडेल. दिसणाऱ्या सोन्याच्या सॅम्पलनंतर लगेच एक ब्लँक घालावंच. स्टँडर्ड तीन मानक विचलनांच्या बाहेर गेलं तर त्या बॅचचे निकाल डेटाबेसमध्ये घालायचेच नाहीत. वर्षाअखेरीस सगळं एकदम तपासू म्हणणाऱ्यांकडे तोवर लॅबने पावडर फेकून दिलेली असते.

आकडे सांगताना

‘२० मीटर, सरासरी अडीच ग्रॅम’ ऐकायला छान वाटतं. त्यात १ मीटर ४८ ग्रॅमचा असेल तर उरलेल्या १९ मीटरची सरासरी ०.१ आहे. ‘त्यापैकी’ म्हणून तो १ मीटर वेगळा सांगा. सरासरी लांबीप्रमाणे काढा: अर्धा मीटर १२ ग्रॅम आणि दीड मीटर १ ग्रॅम म्हणजे ३.७५ होतात, साडेसहा नाही. शीर कोअरच्या अक्षाला ३० अंशांनी छेदत असेल तर १० मीटरचा छेद म्हणजे खरी जाडी ५ मीटर.

धातू आणि ओअर (धातू असलेला खडक) यांची गल्लत तर देशभर गाजली. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला ३,००० टनांहून जास्त सोनं सापडल्याच्या बातम्या आल्या. जीएसआयने (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने) खुलासा केला: सुमारे ५२,८०६ टन ओअर, सरासरी ३.०३ ग्रॅम, म्हणजे साधारण १६० किलो सोनं. हा गुणाकार कागदावर एका मिनिटात होतो. नागपूर-भंडाऱ्याकडच्या साकोली पट्ट्यातल्या सोन्याबद्दलही असं काही वाचलंत तर आधी तीन गोष्टी विचारा: ओअर किती टन, ग्रेड किती, आणि काम जी-४ या प्राथमिक पाहणीच्या टप्प्यावर आहे की जी-२ या पुढच्या टप्प्यावर.

बाकीच्या, थोडक्यात

होलचा सर्व्हे, म्हणजे त्याची दिशा आणि कल मोजणं, दर ३० मीटरला. दिशेत ३ अंशांची चूक राहिली तर ३०० मीटरवर १५ मीटरहून जास्त फरक पडतो. मॅग्नेटाइटवाल्या खडकात होकायंत्राच्या टूलवर विसंबू नका, चुंबकावर न चालणारा जायरो मागवा.

शिरेच्या कलाबरोबर खाली जाणारा होल घेऊ नका. जाडी खोटी दिसते.

घनता मोजा, पुस्तकातली घेऊ नका. वरच्या कुजक्या खडकाला २.८ लावली आणि तो २.० चा निघाला तर टनेज ४० टक्क्यांनी फुगतं. तुकड्यावर मेण लावून पाण्यात वजन करायला दहा मिनिटं लागतात.

ट्रेंचमध्ये चॅनेल सारखाच ठेवा, १० सेंटिमीटर रुंद आणि ३ खोल, मीटरला साधारण ८ किलो. छिन्नी मऊ भागात आपोआप जास्त जाते. पिशव्या ५ किलो आणि ११ किलोच्या येत असतील तर चॅनेल पुन्हा काढा.

रिग हलवण्याआधी तोंडाशी केसिंगचा तुकडा सिमेंटमध्ये बसवा, झाकण लावा, होल नंबर, खोली आणि दिशा ओल्या सिमेंटवरच कोरा, आणि डीजीपीएसने (जास्त अचूक जीपीएसने) जागा घ्या. रंगाने लिहिलेला नंबर दोन पावसाळ्यांत जातो.